कमकुवत पासवर्ड

मेणात दात बसवताना हात हलून चालत नाही. ती खालच्या कवळीची डावी दाढ चिमट्यात धरून मेणाच्या पट्टीवर टेकवत होती, तेवढ्यात कामाच्या टेबलावरचा फोन थरथरला. दाढ जागेवर बसेपर्यंत तिने श्वास रोखून धरला आणि मगच फोन घेतला. धाकटा भाऊ होता. या वेळेला दुसरं कोण असणार?

“ताई, आप्पांची उशी खाली पडलीये.”

“मावशी आहेत ना तिथे?”

“खिडकीशी उभ्या आहेत, फोनवर बोलतायत. केव्हाची पडलीये उशी.”

“बरं, सांगते.”

“आणि पडदा ओढायला सांग जरा. ऊन तोंडावर येतंय त्यांच्या.”

तिने घरी फोन लावला. “मावशी, उशी,” एवढंच म्हणाली.

“बघितली हो मी,” मावशी म्हणाल्या. “उचलणारच होते.” त्यांच्या आवाजातला राग तिला कळला, आणि तो आपल्यावरचा नाही हेही कळलं. पण ऐकून घ्यायला तीच होती. फोन ठेवून वळली तर दाढ मऊ मेणात कलंडून पडली होती. तिने मेण वितळवायचं पातं पुन्हा गरम करायला घेतलं.

आप्पांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हापासून ती कवळ्यांच्या कारखान्यात अर्धा दिवसच, दुपारनंतर जायची, आणि आप्पांचं बघायला दिवसा पगारी मावशी यायच्या. लग्न टिकलं नाही म्हणून ती फार पूर्वीच वडिलांकडे परत आली होती, त्यामुळे त्यांचं कोण करणार हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. आप्पा तिला ‘मोठी’ म्हणायचे आणि भावाला ‘बाळ’. बाळ चाळिशी ओलांडलेला होता, डोक्यावरचे केस मागे हटत चालले होते. तो रात्रभराच्या प्रवासाइतक्या लांबच्या शहरात राहायचा आणि घरी बसून एका विमा कंपनीसाठी अपघातात चेपलेल्या गाड्यांचे फोटो तपासायचा.

मागच्या वेळी आला तेव्हा त्यानेच तो कॅमेरा आणला. अंड्याएवढा, पांढरा, पोटात एक काळा डोळा. आप्पांच्या खोलीतल्या कपाटावर त्याने तो चिकटवला आणि घरच्या वायफायला जोडून दिला. “तुला मदत होईल गं,” म्हणाला. “तू कामावर असलीस तरी कोणाचं तरी लक्ष राहील.” तिला तेव्हा खरंच बरं वाटलं होतं.

त्या कॅमेऱ्यातून बोलताही यायचं. पहिल्यांदा कपाटावरून “आप्पा, पाणी प्या” असा आवाज आला, तेव्हा आप्पांनी बराच वेळ मान वर करून बघितलं. मग ते वाकड्या झालेल्या तोंडाने सावकाश म्हणाले, “बाळ, खाली उतर. पडशील.” मावशी खो खो हसल्या आणि हसता हसता त्यांनी तोंड फिरवलं.

मदत अशी होऊ लागली की तिचा फोन दिवसभर वाजायचा. गोळी दिली का, कुशीवर वळवलं का, डबा झाकलाय का, पंखा कमी कर. ती सगळ्याला “बरं” म्हणायची. वाद घालायला ताकद लागते, आणि ती तिला आप्पांना उचलायला हवी असायची.

मग नेट रडायला लागलं. आप्पांना व्यायाम शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून एकदा टीव्हीच्या पडद्यावर यायच्या. त्या हात वर करायच्या आणि तशाच गोठायच्या. आप्पाही हात वर करून वाट बघत राहायचे. शेवटी तिने तक्रार केली आणि नेटवाला आला. तिच्याच वयाचा, पाठीला पिशवी, गुडघे धरत जिना चढलेला. त्याने फोनवर काहीतरी उघडलं आणि भुवया उंचावल्या.

“तुमच्या वायफायवर पंगत बसलीये हो. अर्धी बिल्डिंग जेवतीये.”

“असं कसं?”

“राउटरच्या खाली कंपनीची चिठ्ठी आहे ना, तोच पासवर्ड तुम्ही पहिल्यापासून ठेवलाय. कोणीतरी कोणाला सांगितला असेल, त्याने आणखी कोणाला.” त्याने बोटाने पडदा सरकवला. “आणि हे काय आहे? सगळ्यात जास्त नेट हेच खातंय.”

“कॅमेरा असेल. वडिलांच्या खोलीतला.”

“नुसता लावून ठेवलेला कॅमेरा एवढं खात नाही. समोर कोणीतरी उघडून बसलं तरच. हा आज सकाळपासून उघडा आहे.”

“आणि काल?”

“काल पण. रात्री पण दिसतोय.” त्याने हे अगदी सहज सांगितलं आणि तो वायर गुंडाळायला लागला. “पासवर्ड बदलून टाका. मी पान दाखवून जातो, टाका तुम्हीच, आम्हाला कळायला नको. बदललात की सगळ्यांचं एकदम तुटेल. मग ज्याला हवं त्याला परत जोडायचं.”

तो गेल्यावरही ती राउटरपाशी उभीच होती. तिला वाटत होतं, भाऊ मधूनमधून डोकावत असेल. येता-जाता, चहा पिताना. दिवसभर?

ती आप्पांच्याच खोलीत झोपायची, त्यांच्या पलंगाशेजारी घडीची खाट टाकून. तिचे कपडे त्याच कपाटात होते आणि ती कपाटापुढेच कपडे बदलायची. काही दिवसांपूर्वी एकदा आप्पा झोपल्यावर ती खाटेवर बसून रडली होती. कारण काही नव्हतं. तोंडावर टॉवेल दाबून, आवाज न करता, मन भरेपर्यंत रडली होती. दुसऱ्या दिवशी भावाचा फोन आला, “ताई, तुझी तब्येत बरी आहे ना गं?” इतक्या लांबून याला कसं कळलं म्हणून तेव्हा ती सुखावली होती. तो फोन आठवून आता तिचे कान तापले.

रविवारी मावशींची सुट्टी असायची. आप्पांचं अंग पुसून, त्यांना भरवून झाल्यावर ती जेवणाच्या टेबलाशी फोन घेऊन बसली आणि नेटवाल्याने दाखवलेलं पान उघडलं. नवीन पासवर्ड काय हवा, असं पान विचारत होतं. तिला काही सुचेना. कोणाची जन्मतारीख, कोणाचं नाव, काही घालावंसं वाटेना. मग तिने इंग्रजी अक्षरांत ‘कंटाळा’ असं लिहिलं.

कमकुवत, असं पानाने लाल अक्षरांत कळवलं.

“हो का?” ती मोठ्याने म्हणाली. तिने ‘कंटाळा आलाय’ असं सलग लिहिलं. पहिलं अक्षर मोठं हवं होतं, ते केलं. एखादा आकडा हवा होता, शून्य टाकलं. एखादं चिन्ह हवं होतं, उद्गारचिन्ह टाकलं. तेव्हा कुठे पानाचं समाधान झालं.

बाहेरच्या खोलीत टीव्हीवरची बातम्या सांगणारी बाई तोंड उघडं ठेवून थिजली. तिने आपला फोन परत जोडला, टीव्ही जोडला. मग आप्पांच्या खोलीत गेली. कपाटावरचा निळा दिवा लाल होऊन मिचमिचत होता. कॅमेरा जोडायचा तर भावाला फोन करावा लागणार होता, कॅमेऱ्याचं सगळं त्याच्याच फोनवर होतं. ती कपाटापुढे थोडा वेळ उभी राहिली. जोडायचा नाही असं काही तिने ठरवलं नव्हतं. फक्त त्या वेळी तिच्याने ते झालं नाही.

तिने आप्पांच्या हाताचे व्यायाम घेतले आणि पायाचे सोडून दिले. कोणी काही म्हणालं नाही. मग ती खाटेवर आडवी झाली. आप्पांनी कपाटाकडे बघितलं.

“बाळ?”

“नाही आप्पा. आज कोणी नाही.”

“बरं,” आप्पा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

तिचा डोळा लागतोय तोच फोन वाजला.

“ताई, कॅमेरा गेलाय. लाईट गेलीये का?”

“नाही. पासवर्ड बदलला. सगळी बिल्डिंग आपलं नेट वापरत होती.”

“अगं, मग आधी सांगायचंस ना! घाबरलो मी. बरं, नवीन काय ठेवलायस? मी इथे टाकतो, एक कोड येईल, तो तुला पाठवतो. नुसता कॅमेऱ्यासमोर धरायचा, झालं.”

“कंटाळा आलाय.”

“दोन मिनिटांचं काम आहे गं! त्यात कसला कंटाळा?”

“मी पासवर्ड सांगतेय.”

“काय?”

“कंटाळा आलाय. इंग्रजीत, सलग. के मोठा. शेवटी शून्य आणि उद्गारचिन्ह.”

 पलीकडून बटणांचा आवाज आला. “टा-ला दोन ए का?” त्याने हळूच विचारलं.

“एकच. लांबवायचं त्राण नव्हतं.”

तो हसला, पण ते हसू अर्ध्यावरच राहिलं. “ताई, तू ठीक आहेस ना?”

“मला काय विचारतोस? दिवसभर बघत असतोस ना? तूच सांग.”

“कोण म्हणालं?”

“नेटवाला.”

“अगं, मी आप्पांवर लक्ष...”

“मी त्या खोलीत कपडे बदलते, बाळ,” ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला. ती त्याला बाळ म्हणत नसे; आप्पांचा शब्द तिच्या तोंडून कसा गेला कोणास ठाऊक. थोड्या वेळाने कोड आला, सोबत एकही शब्द नाही. काळ्या चौकोनांची ती नक्षी तिने बघितली आणि फोन उशीखाली सारला.

दुसऱ्या दिवशी मावशींनी आल्या आल्या लाल दिवा हेरला. “बिघडला का?”

“बंद आहे.”

मावशींनी भिंतीशी ठेवलेली खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि त्या धपकन बसल्या. चपला काढून त्यांनी पाय लांब केले. घोटे सुजून त्यांच्यावर चपलेच्या पट्ट्यांचे वळ उठले होते. “खरं सांगू का ताई? त्याच्यामुळे मी उभीच असायचे दिवसभर. बसले की वाटायचं, आता वरून आवाज येणार.”

“मला का नाही बोललात?”

“तुम्ही तरी कुठे बसत होतात?” मावशी म्हणाल्या.

भावाचे निरोप येत राहिले. कोड मिळाला का? परत पाठवू का? मग तेही थांबले. तिला वाईट वाटलं, पण ते वाईट वाटणंही कामाच्या रांगेत मागे राहिलं. कारखान्यात एका आजोबांची कवळी परत आली होती, हिरडीला टोचते म्हणून. ती घासून गुळगुळीत करायची होती. घरी आप्पांच्या टाचेला लाली आली होती, तिच्याखाली उशी द्यायची होती.

आठवडा सरता सरता एका संध्याकाळी ती कामावरून आली, तर दाराशी भाऊ बसलेला. मांडीवर पिशवी, प्रवासाने चुरगळलेला शर्ट.

“बेल का नाही वाजवलीस?”

“आप्पा झोपले असतील म्हणून.” मग खाली बघून तो म्हणाला, “आणि तू आल्याशिवाय आत जावंसं वाटलं नाही.”

तिने दार उघडलं. मावशी निघायच्या तयारीत होत्या, आप्पा जागेच होते. त्यांनी आधी कपाटाकडे बघितलं, मग दारातल्या मुलाकडे, मग पुन्हा कपाटाकडे.

“उतरलास?” त्यांनी विचारलं.

भाऊ पलंगाच्या कडेवर बसला आणि त्याने आप्पांचा निकामी हात दोन्ही हातांत धरून ठेवला. ती चहा टाकायला गेली.

सकाळी तो म्हणाला, “आज अंघोळ मी घालतो. तू बस.” तिने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि खरंच बसली. कपातला चहा अर्धा झाला असेल नसेल, न्हाणीघरातून धप्प असा आवाज आला. ती धावली. भाऊ ओल्या फरशीवर भिंतीला पाठ लावून बसला होता आणि आप्पा त्याच्या मांडीवर. वरून पाणी वाहतच होतं. दोघांनाही लागलं नव्हतं. आप्पा खुर्चीवरून घसरले आणि त्याने त्यांना आपल्या अंगावर घेतलं, इतकंच. आप्पांचं वाकडं तोंड आणखी वाकडं झालं होतं. ते हसत होते.

“जड झालोय,” ते म्हणाले.

“काखेत हात घालू नकोस,” ती पाणी बंद करत भावाला म्हणाली. “खांदा निखळेल त्यांचा. कमरेला धर. गुडघे वाकव. मी म्हटलं की उचल.”

आप्पा खुर्चीवर बसल्यावर भावाने तोंडावरचं पाणी पुसलं. “मावशी नसतात तेव्हा तू हे एकटी करतेस?”

“मग?”

“खोलीच्या बाहेरचं मला दिसायचंच नाही,” तो म्हणाला. “तुम्ही दारातून जायचात आणि थोड्या वेळाने परत यायचात. अंग पुसून, केस विंचरून.”

दुपारी आप्पा झोपल्यावर ती भांडी घासत होती आणि तो पुसत होता. बोलायचं असलं की तो लहानपणापासून असंच काहीतरी हातात घ्यायचा.

“मी बघत नसायचो गं तसा,” त्याने सुरुवात केली. “उघडं असायचं. सकाळपासून फुटलेल्या गाड्या बघायच्या. घरात कोणी नसतं, बायको आणि मुलगी सकाळीच बाहेर पडतात. पडद्याच्या कोपऱ्यात तुमची खोली असली की कोणीतरी घरात आहेसं वाटायचं. तू कपाटाशी आलीस की मी बंद करायचो. खरंच.”

“ते मला सांगू नकोस.”

त्याने ओला कपडा पिळून घेतला.

“आणि ते फोन? उशी, पडदा?”

“काहीतरी केल्यासारखं वाटायचं.”

तिने नळ बंद केला. “मी त्या दिवशी रडले, ते बघितलंस.”

“हो.”

“मग दुसऱ्या दिवशी तसं सांगायचं होतंस. मला वाटलं, तुला मनातून कळलं. मी त्याच्यावर किती दिवस काढले, माहितीये?”

 तो एकच ताटली पुन्हा पुन्हा पुसत राहिला. तिने त्याला माफ केलं असं नाही, पण ती ताटली त्याच्या हातातून काढून घेऊन तिने मांडणीत ठेवली. “पुसलीस ती. पुरे.”

संध्याकाळी तो आप्पांसमोर बसला. “आप्पा, कॅमेरा ठेवायचा की काढायचा? तुम्ही सांगा.”

हे आजवर कोणी आप्पांना विचारलं नव्हतं, हे त्या क्षणी तिच्या लक्षात आलं. आप्पा जन्मभर गोदीत क्रेन चालवत होते. उंच केबिनमध्ये बसून खालची ओझी उचलत होते. शब्द गोळा करायला त्यांना वेळ लागला. “तुला मी दिसतो,” ते म्हणाले. “मला तू नाही. क्रेनला खालून खूण लागते. खूण नाही, तर उचलायचं नाही.”

भाऊ खुर्चीवर चढला. कॅमेरा ओढून काढताना कपाटाचा रंगही पापुद्र्यासारखा निघून आला. त्याने तो पिशवीत टाकला आणि येताना आणलेला जुना टॅब्लेट नवीन पासवर्ड टाकून जोडून दिला. पलंगाशेजारच्या स्टूलवर, आप्पांच्या चांगल्या हाताला येईल असा. तो वाजेल तेव्हा आप्पांनी उचलायचा, नको असेल तर नाही उचलायचा.

तो असेपर्यंत ती बाहेरच्या खोलीत झोपली. पहिल्याच सकाळी डोळे उघडले तर लख्ख उजाडलेलं. ती धसकून उठली आणि आतून भावाचा आवाज आला, “नाही आप्पा, गुडघा वाकवा, गुडघा!” ती परत आडवी झाली. पाठ तितकीच दुखत होती. उलट, थांबल्यावर जास्तच दुखत होती.

तो परत गेल्यावर रोज संध्याकाळी टॅब्लेट वाजू लागला. बहुतेक वेळा त्यांचं बोलणं फारसं नसायचंच. भाऊ मान खाली घालून काम करत असायचा आणि आप्पा त्याच्याकडे बघत पडलेले असायचे. मध्येच म्हणायचे, “पाठ सरळ,” किंवा “जेवलास?” आणि तिकडून “बरं आप्पा” असं उत्तर यायचं. ते ‘बरं’ स्वयंपाकघरात ऐकू आलं की तिला थोडं हसू यायचं.

ती कामावर असताना येणारे भावाचे फोन थांबले. कधीतरी सवयीने एखादा यायचा, आणि मग तोच अर्ध्यावर म्हणायचा, “काही नाही, सहज केला.”

दर महिन्याला चार दिवस यायचं त्याने जाताना कबूल केलं होतं, आणि पुढच्या महिन्यात तो आला. त्याच्या पुढच्या महिन्यात फोनवर त्याचा आवाजच पडलेला होता. “रजा नाही मिळाली गं ताई.”

पूर्वी ती “असू दे” म्हणाली असती आणि नंतर दिवसभर तिने भांडी आपटली असती. आता तिने थोडा वेळ घेतला. “मग पुढच्या वेळी जास्त दिवस ये,” ती म्हणाली. “आणि या रविवारी मला कोणीतरी लागेल. माझा खांदा भरून आलाय. तू बघ.”

“मी इथून कसं बघू?”

“फोन कर लोकांना. उशीसाठी करायचास तसा.”

त्याने केले. रविवारी एक उंच, बडबड्या पुरुष मदतनीस आला. आल्यापासून त्याचं तोंड बंद नव्हतं. सासू, मेव्हणा, गुडघेदुखी, सगळं सांगून झालं. पण त्याने आप्पांना असं अलगद उचललं की ती बघत राहिली. ती बाहेर पडली. कुठे जायचं ते ठरवलं नव्हतं. रस्त्याच्या टोकाला एका बाकावर बसली, समोर एक माणूस दुकानाची काच पुसत होता ते बघितलं, आणि बाकावर बसल्या बसल्याच तिला डुलक्या यायला लागल्या. तेव्हा ती उठून घरी आली.

“एवढ्यात आलात?” मदतनिसाने विचारलं. “माझी वेळ अजून संपली नाही. आजोबांना मी माझ्या मेव्हण्याची गोष्ट सांगतोय.”

आतून आप्पा म्हणाले, “मोठी, झोप.”

तिने चपला काढल्या, पंखा लावला आणि बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली.